आपोआप चालणाऱ्या जगात आमचे भाऊजी

पृथ्वी स्वतःभोवती आपोआप फिरते, ही गोष्ट आमच्या भाऊजींनी अजून मान्य केलेली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की एवढं मोठं धूड फिरत असेल तर कुठेतरी कोणीतरी हँडल धरून बसलेलं असणारच, आणि तो माणूस जागा आहे तोवर काळजीचं कारण नाही. देव ते मानत नाहीत. आमच्या दोन्ही घरांनी आजोबांच्या काळातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे त्या हँडलवर नेमकं कोण बसलं आहे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर तसाच मोकळा ठेवला आहे. एकदा मी हौसेनं त्यांना शाळेत शिकलेलं गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सारं ठीक आहे, पन ब्रेक कोनाच्या हाती आहे?" मी तुमसरात बियाण्यांचं आणि खतांचं दुकान चालवतो. पृथ्वीच्या ब्रेकची चौकशी आजवर कोणा गिऱ्हाइकानं केली नव्हती.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी सगळी नोकरी वाइंडर चालवण्यात काढली. वाइंडर म्हणजे जमिनीवरच्या एका खोलीत बसवलेलं मोठं यंत्र. त्याच्या ढोलावर पोलादी दोर गुंडाळलेला, दोराच्या टोकाला लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्यात खाली कामाला जाणारी माणसं. पिंजऱ्यातल्यांना यंत्र चालवणारा दिसत नाही आणि चालवणाऱ्याला पिंजरा दिसत नाही. दोघांच्या मध्ये असते ती फक्त घंटी. एक टोला आला तर चालता पिंजरा थांबवायचा, आणि तो थांबलेलाच असेल तर वर घ्यायचा. दोन टोले आले तर खाली सोडायचा. तीन टोले म्हणजे आत माल नाही, माणसं आहेत, जपून. टोला आला की आपणही टोला देऊन कळलं म्हणून सांगायचं. यंत्र चालू असताना हँडल सोडायचं नाही आणि कोणाशी बोलायचं नाही. हे नियम खाणीनं केले होते ते पाळीपुरते. भाऊजींनी ते घरी आणले आणि तिथून पुढे साऱ्या जगाला लावले. गंमत म्हणजे इतकी वर्षं माणसं वर-खाली करून हा माणूस स्वतः एकदाही पिंजऱ्यात बसून खाली गेला नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्याच्या हातावर कसा जाऊ.

ताईनं कपडे धुण्याचं मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की साहेब, हे पूर्ण ऑटोमॅटिक आहे. ऑटोमॅटिक हा शब्द भाऊजींच्या लेखी शिवीच्या जवळपास जातो. मशीन घरी आलं त्या दिवसापासून कपडे लावले, की भाऊजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून झाकणावर एक हात ठेवून बसतात, आणि कपडे पिळून होईपर्यंत उठत नाहीत. त्या वेळात घरी कोणी आलं तर त्यानं न्हाणीघरात जाऊन त्यांना जय भीम घालायचा. एकदा चिखल्याचे सरपंच कसल्याशा कामासाठी आले आणि मशीन फिरेपर्यंत बादली उलटी करून तिच्यावर बसून राहिले. बोलणं अर्थातच झालं नाही, कारण यंत्र चालू होतं. ताई म्हणते, हातानं कपडे धुतले असते तर लवकर झाले असते आणि नवराही मोकळा राहिला असता.

मोटारसायकलवर तर त्यांचा कायदा आणखी कडक. मागे बसणाऱ्यानं तोंड उघडलं, की भाऊजी गाडी रस्त्याच्या कडेला घेतात, इंजिन बंद करतात, स्टँड लावतात, आणि मागे वळून तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकतात. मग पुन्हा किक. मला एकदा वरठीला रेल्वे पकडायची होती. भाऊजींनी मला बसवून आणलं. स्टेशन दिसायला लागलं, रेल्वेची शिट्टीही ऐकू आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की भाऊजी, जरा लवकर, उशीर होऊन राहिला. झालं. गाडी कडेला, इंजिन बंद, स्टँड. वळून म्हणाले, "हां, बोल. काय म्हनून राहिला होता?" मी काय बोललो ते त्यांनी ऐकून घेईपर्यंत माझी रेल्वे तिरोड्याच्या दिशेनं निघून गेली होती. त्यांची मुलगी प्रज्ञा लहान असताना पेट्रोलच्या टाकीवर बसून सारखी काहीबाही विचारायची. हे झाड कशाचं, तो तलाव कोणाचा, आंबागडच्या किल्ल्यात आता कोण राहतं. प्रत्येक प्रश्नाला गाडी थांबायची. त्यामुळे बापलेकीला तुमसरला पोचायला अर्धा दिवस लागे. पण एवढं खरं, की कोणा मुलीचं बोलणं तिच्या बापानं इतकं मन लावून ऐकलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि घंट्या. जेवताना भाऊजी तोंडानं काही मागत नाहीत. ताटाच्या कडेवर बोटानं एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे खाली सोडा. ताईला हे सवयीचं झालं आहे, पण लग्नात वाढणाऱ्या पोरांना काय ठाऊक? एका लग्नात भाऊजी पुन्हापुन्हा एकच टोला देत राहिले, आणि भातावर वरण पडत राहिलं, ते पार पत्रावळीबाहेर जाऊन माझ्या पायापर्यंत आलं. एसटीत बसले तर कंडक्टरची डबल घंटी झाल्याबरोबर ते पाय घट्ट रोवतात, कारण दोन टोले म्हणजे खाली जायचं. बस सरळ रस्त्यानं पुढे गेली की त्यांना दर वेळी थोडंसं फसवल्यासारखं वाटतं.

अशा माणसाच्या पोटी विमान चालवणारी मुलगी जन्माला यावी! पण आली. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच सुमारास प्रज्ञाचा जन्म. तुटलेल्या त्या अर्ध्यात पुढे विमान शिकवण्याची शाळा निघाली, आणि तिथली छोटी विमानं आमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. इतर पोरं टाटा करून खेळायला पळत. ही मात्र विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभी. शिष्यवृत्ती मिळवून ती तेच शिकली, आणि एका मोठ्या कंपनीत प्रवासी विमानावर सहवैमानिक झाली. खाणीच्या कॉलनीतल्या विहारात तिचा सत्कार ठेवला. हारतुरे झाले, फोटो झाले, आणि कोणीतरी म्हणालं, आता वडिलांनी दोन शब्द बोलावे.

तिथे घात झाला. नोकरी लागल्याच्या आनंदात प्रज्ञानं बापाला सगळं तपशिलानं सांगितलं होतं, की विमान वर गेलं, की ऑटोपायलट नावाचं यंत्र ते चालवतं, दिशा धरतं, उंची धरतं, उतरतानाही बरीच वाट तेच नेतं. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, आणि खरं कुठे बोलू नये हेही कळत नाही. ते उठले आणि भरल्या विहारात म्हणाले, "पोट्टी हुशार आहे, त्याच्यात शंका नाही. पन विमान तं मशीन चालवते. पोट्टी बसून राहते." सगळे खदखदा हसले. प्रज्ञाही हसली, पण गळ्यातला हार काढून तिनं तो मांडीवर ठेवला आणि पुन्हा घातला नाही.

त्यानंतर तिचं घरी येणं कमी झालं. धम्मचक्र दिनाला दरवर्षी न चुकता यायची, त्या वर्षी ड्युटी निघाली. फोन ताईला यायचा, बाबांची चौकशी व्हायची, पण बाबांकडे द्या असं तिकडून कोणी म्हणायचं नाही. मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "मामा, बाबा खोटं नाही बोलले. पन साऱ्याईसमोर बोलाची काय गरज होती?" भाऊजींनाही सगळं कळत होतं. जेवण कमी झालं होतं, ताटावरचा एकच टोला लवकर यायला लागला होता. ताईनं त्यांना स्पष्ट सांगितलं, पोरीला फोन करा आणि चुकलं म्हणा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, की मशीन चालवतं तर मशीन चालवतं, त्यात चुकलं काय म्हणू. आडमुठा माणूस आहे, पण त्या दिवसांत त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं.

शेवटी ताईनंच डाव टाकला. मुंबईला एका नातलगाकडे लग्न होतं. जाताना आम्ही तिघे रेल्वेनं गेलो. परतीच्या दिवशी ताईनं जाहीर केलं, की आपण विमानानं चाललो आहोत, आणि त्या विमानावर आपली प्रज्ञा आहे; ज्याला रेल्वेनं यायचं असेल त्यानं खुशाल यावं. भाऊजींनी आपली पिशवी उचलली. मग म्हणाले, चला, पोट्टी काय करते ते एकदा पाहूनच येतो. तपासणीला निघालेल्या साहेबासारखे ते निघाले, आणि मला वाटलं, आता उरलंसुरलंही मोडणार.

विमानात शिरल्याबरोबर त्यांनी ड्रायव्हर कुठे बसतो ते विचारलं. हवाई सुंदरीनं हसून पुढचं बंद दार दाखवलं. बंद दार बघून भाऊजींच्या कपाळाला जी आठी पडली ती नागपूरपर्यंत उतरली नाही. खिडकीपाशी भाऊजी, मध्ये मी, कडेला ताई. विमान सुटलं तशी त्यांनी उजव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर आवळली, आणि यंत्र चालू असल्यामुळे बोलणं बंद केलं. चहा नाही, पाणी नाही. ताई तर निवांत झोपली. सकाळची वेळ होती, आभाळ मोकळं होतं. काही वेळानं विमान उतरायला लागलं, खाली नागपूरकडची शेतं आणि तळी दिसू लागली. हवाई सुंदऱ्या आपापल्या जागी पट्टे बांधून बसल्या, आणि वर कुठेतरी एक बारीक घंटी वाजली.

भाऊजी ताठ झाले. घंटी झाली म्हणजे उत्तर द्यायला हवं. त्यातून विमान मशीन चालवणार, आणि आत माल आहे की माणसं, हे मशीनला कोणी सांगितलं आहे की नाही कोण जाणे. त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर दोन-तीन बटणं होती आणि त्यातल्या एकावर माणसाचं चित्र होतं. त्यांच्या दृष्टीनं याहून स्वच्छ खूण असूच शकत नव्हती. मी त्यांचा हात धरायच्या आत त्यांनी माणसं आहेत हे कळवण्यासाठी तीन टोल्यांतला पहिला टोला दिला.

टुंग असा आवाज झाला, आणि खाली चाललेल्या विमानानं एकदम नाक वर केलं. माझी पाठ खुर्चीला चिकटली. इंजिनं मोठ्यानं घोंघावली. मागे कोणाचं तरी मूल रडायला लागलं, कोणी काय काय पुटपुटायला लागलं. क्षणभरानं नाक पुन्हा खाली आल्यासारखं झालं, जरा सरळ झालं, आणि मग विमान चांगलं दमदारपणे वर चढायला लागलं. नागपूर खिडकीतून खाली खाली जात दिसेनासं झालं. ताई जागी होऊन म्हणाली, आलं का नागपूर? मी म्हटलं, आलं होतं, गेलं. मग मुख्य वैमानिकाचा आवाज आला, की काळजी करू नका, आपण एक फेरी मारून पुन्हा उतरतो आहोत. भाऊजींकडे पाहिलं, तर ते पांढरेफटक. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते, आणि डोळे त्या बटणावर होते.

विमान फेरी मारून आलं आणि उतरलं. सगळी माणसं पिशव्या घेऊन उभी राहिली. भाऊजी जागचे हलेनात. गर्दी ओसरल्यावर हळू आवाजात मला म्हणाले, "बाबू, ते मी केलं. तीन टोले द्याचे होते, एकच देल्ला. एक टोला म्हंजे थांब, नाहीतं वर. हवेत थांबते कुठं, वर गेलं." पुढचं त्यांनी मला विमानतळाच्या पायऱ्या उतरता उतरता सांगितलं. विमान वर निघालं तेव्हा दुसरा टोला द्यायला त्यांचं बोट उचललंही होतं. पण दोन टोले झाले असते तर ते तिथूनच खाली सुटलं असतं, म्हणून त्यांनी हात दाबून धरले. मला हसायला हवं होतं, पण मी त्यांची पिशवी धरून पायऱ्या उतरत राहिलो. त्यांचं मात्र ठरलं होतं. पोरीच्या नोकरीवर यायच्या आत आपणच कबूल करायचं.

प्रज्ञाची त्या दिवसाची ड्युटी तिथेच संपत होती. आम्ही बाहेर चहाच्या टपरीपाशी थांबलो. ती युनिफॉर्ममध्ये, चाकांची बॅग ओढत आली. ताईला बिलगली, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि बाबांसमोर येऊन नुसती उभी राहिली. कित्येक महिन्यांनी दोघं समोरासमोर होते. भाऊजींनी टोपी काढली आणि घंटीचा सगळा गुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कबूल केला. तुझ्या साहेबाला सांग, पोरीची चूक नाही, बापाची आहे, असंही म्हणाले. प्रज्ञानं ओठ दाबून धरले, मग तिला आवरेना. ती बॅगेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बाबा," ती म्हणाली, "ते पानी मांगाची घंटी आहे."

मग तिनं काय झालं ते सांगितलं. धावपट्टीपासून रेडिओचा एक इशारा सुटलेला असतो. कोणत्या उतारानं यायचं ते तो दाखवतो, आणि ऑटोपायलट तो धरून खाली येतो. आज विमान हवं त्यापेक्षा जरा उंचावर राहिलं होतं. तिथे वर त्याच इशाऱ्याचे खोटे भाऊबंद असतात. यंत्रानं त्यातला एक धरला, आपण वाटेच्या खाली आहोत असं समजलं, आणि इमानानं नाक वर केलं. अशा वेळी यंत्र सोडवून विमान हातात घ्यायचं, नाक ताळ्यावर आणायचं, आणि फेरी मारून यायचं. शिकवतात ते आम्हाला, असं ती सहज म्हणाली. भाऊजी तिच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"त्या टायमाले हात कोनाचा होता?"

"माहाच होता, बाबा. आज मीच चालवून राहिली होती. उतरवलंही मीच."

भाऊजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. त्यांचा स्वतःचा हात रुंद, खरबरीत, तिचा लहानसा. म्हणाले, "जलमभर मानसं उतरवली, पन पिंजऱ्यात मी कधी बसलो नाही. आज बसलो. आतल्या मानसाले हात दिसत नाही, अन् जीव तं त्याच हाती. हे मले आज समजलं." मग तो हात परत देत म्हणाले, "चांगला हात आहे तुहा." शाळेपासून त्या मुलीनं किती बक्षिसं घेतली याचा हिशेब नाही, पण त्या टपरीवर ती जशी रडली तशी एकाही बक्षिसाला रडलेली मला आठवत नाही. ताई म्हणाली, रडायचं ते घरी जाऊन रडा, चहा थंड होऊन राहिला. हे बोलताना तिचाही पदर डोळ्यांना होताच.

पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर भाऊजी विहारात कोणी न सांगता उभे राहिले. लोकांना वाटलं, आता आणखी काहीतरी खरं बोलणार. ते म्हणाले, मागच्या खेपेला मी सांगितलं, की विमान मशीन चालवतं. ते खरंच आहे. पण मशीन चुकतं तेव्हा पोरगी चालवते. आणि मग, सगळ्यांकडे एकदा बघून, छाती काढून, "मी आत होतो." एवढंच बोलून बसले. टाळ्या पडल्या. प्रज्ञा पहिल्या रांगेत होती; कोणीतरी उठून तिला हार घातला, आणि या वेळी तो गळ्यातच राहिला.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. प्रज्ञा मोठ्या विमानांवर गेली, परदेशांच्या वाटांवर. नागपूरकडे तिची फेरी लागत नाही. येते ती वर्षातून एखाद्या वेळी, फोन मात्र रोज, आणि तो बाबांच्याच हातात जातो. भाऊजींचे गुडघे गेले, ऐकूही कमी येतं. परवा चिखल्याला गेलो होतो. अंगणात बाजेवर बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग आपणच म्हणाले, "एक डाव अजून बसाले पाहिजे होतं तिच्या विमानात. त्या रोजी माहं सारं ध्यान त्या घंटीतच राहिलं. पोट्टीनं विमान टेकवलं कसं, ते मले समजलंच नाही." मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की फार अलगद टेकवलं होतं, चाकं जमिनीला लागली हे मला खिडकीतून बघूनच कळलं. भाऊजींनी कान आणखी पुढे केला, म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं.